हरलेल्या आव्हानवीराची दुसरी लढत

हेवीवेट मुष्टियुद्धात जगज्जेतेपदाची लढत हरलेल्याला त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पुन्हा उतरण्याची संधी, म्हणजे फेरलढत, मिळते की नाही हे तो किती चांगला लढला यापेक्षा रिंगणात उतरताना किताब कोणाकडे होता यावर अधिक ठरत आले आहे. जगज्जेता आपल्या करारात अनेकदा परतीच्या लढतीचे कलम घालून घेतो. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत सनी लिस्टनने फ्लॉइड पॅटरसनला २ मिनिटे ६ सेकंदांत आडवे केले, तरी याच कलमाच्या बळावर पुढच्या जुलैत लास वेगासमध्ये पॅटरसन पुन्हा उभा राहिला आणि या वेळी चार सेकंद अधिक टिकला.

आव्हानवीराकडे असा कागद सहसा नसतो. त्याला प्रेक्षकांच्या मनात शंका पेरावी लागते. १९४१ साली बिली कॉन जो लुईविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रकांवर पुढे होता, पण तेराव्या फेरीत नॉकआउटच्या मोहात पडून तो स्वतःच, फेरी संपण्यास दोन सेकंद उरले असताना, दहा अंक मोजून होईपर्यंत उठू शकला नाही. अशा पराभवानंतर फेरलढत ठरणे स्वाभाविक होते. परंतु १९४२ मध्ये सासऱ्याशी झालेल्या मारामारीत कॉनचा हात मोडला, मग युद्ध आडवे आले, आणि १९४६ मध्ये लढत झाली तेव्हा आठव्या फेरीतच तो संपला. जर्सी जो वॉलकॉटला मात्र वाट पाहावी लागली नाही: डिसेंबर १९४७ मध्ये त्याने लुईला दोनदा खाली पाडले, रिंगणातील पंचाने कौल त्याला दिला, पण बाजूला बसलेल्या दोन्ही परीक्षकांनी तो लुईला दिला, आणि हा वाद इतका गाजला की सात महिन्यांच्या आत दुसरी लढत झाली, जी लुईने अकराव्या फेरीत जिंकली.

वादाने प्रत्येकाचे भले झाले असे नाही, हे जिमी यंगच्या बाबतीत दिसते. ३० एप्रिल १९७६ रोजी मेरीलँडमधील लँडओव्हर येथे त्याने वजन वाढलेल्या, सुस्त मुहम्मद अलीला पंधरा फेऱ्या चुकवत नेले आणि अलीच्या बाजूने लागलेल्या निकालाविषयी बरीच कुरकुर झाली. परंतु अडचणीत सापडताच दोरांबाहेर डोके काढण्याची त्याची युक्ती जगज्जेत्याचा किताब हिसकावू पाहणाऱ्याला शोभणारी नव्हती. शिवाय अवघड तरीही तिकिटे न खपवणारा प्रतिस्पर्धी कोणत्याच जगज्जेत्याला नको असतो. मार्च १९७७ मध्ये यंगने जॉर्ज फोरमनला हरवले, तरी अली त्यानंतर आल्फ्रेडो इव्हांजेलिस्टा आणि अर्नी शेव्हर्स यांच्याशीच लढला. नोव्हेंबरमध्ये पात्रता-लढतीत, म्हणजे पुढचा आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतीत, यंग विभागलेल्या कौलाने केन नॉर्टनकडून हरला. पुढच्या वर्षी लिऑन स्पिंक्सने अलीला हरवून नॉर्टनऐवजी अलीलाच फेरलढत दिली, तेव्हा वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने स्पिंक्सचा किताब काढून घेतला आणि यंगवरील त्याच विजयाच्या आधारे नॉर्टनला जगज्जेता जाहीर केले.