गॅस आला, चूल विझली नाही

आम्ही दवाखान्यात नर्स होतो तेव्हा खोकल्याने बेजार झालेल्या बाया यायच्या. विडीला कधी हात न लावलेल्या, पण छाती विडी ओढणाऱ्यासारखी घरघरणारी. जन्मभर चुलीपुढे बसून फुंकणी फुंकलेली. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या, पाच वर्षांखालच्या लेकराला न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट असतो.

१ मे २०१६ला उज्ज्वला योजना आली, बाईच्या नावाने गॅस मिळाला. आज चंद्रपूरकडच्या गावांत फिरताना काही घरांत शेगडी कापडाखाली झाकलेली दिसते; पाहुणे आले की चहापुरती पेटते. १४.२ किलोची टाकी भरायला किती दिवसांची मजुरी जाते, हे फलकावर लिहिलेले नसते. मग बाई पहाटे ताडोबालगतच्या रानात सरपणाला जाते. तिथे वाघ आहे. बायांनी जंगल संपवले म्हणणाऱ्यांनी एकदा ती मोळी डोक्यावर घेऊन पाहावी.

गॅस असेल तर निदान सकाळचा स्वयंपाक त्यावर करा. डाळ आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा. चूल पेटवावीच लागली तर सरपण कडक वाळलेले हवे, खिडकी उघडी आणि लेकरू बाहेर.

पावसाळ्यात बांधावर सुबाभूळ, गिरिपुष्प लावा. तोडले तरी बुंध्याला पुन्हा फूट येते, रानात जाणे कमी होते. बांधच नसेल, आपल्यात पुष्कळांना नाहीच, तर ग्रामसभेत गावाच्या पडीक जागेवर जळणाची झाडे मागा. १ जुलैला वनमहोत्सव सुरू होतो. मागणीचा अर्ज त्याआधी द्या, आणि तो बायांनीच द्या.