पहिला शूटिंगचा कॅमेरा

आमच्या रोह्याकडे त्याला कॅमकॉर्डर कुणी म्हणत नाही. लग्नात दिसतो तो शूटिंगचा कॅमेरा आणि घरी असतो तो हॅन्डिकॅम. हे नाव सोनी कंपनीने १९८५ साली आपल्या तळहाताएवढ्या कॅमेऱ्याला दिलं होतं. कोकणातल्या कितीतरी घरांत तो आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेतून आला आणि मग कुठल्याही कंपनीचा असो, हॅन्डिकॅमच झाला. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तरीही ‘गणपतीच्या आधी एक साधा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना मी आधी एकच विचारतो, नेमकं काय टिपायचंय? कारण कॅमेरा कुठला घ्यायचा, हे त्या उत्तरावर ठरतं.

धावीर महाराजांची पालखी घ्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवताची पालखी निघते, पोलीस दल सलामी देतं आणि मग गावप्रदक्षिणा रात्र उलटेपर्यंत चालते. गर्दीत पुढे जाता येत नाही, म्हणून आपण कुणाच्या तरी गच्चीत उभे. मोबाइलवर बोटं फाकवून पालखी जवळ आणली की भोयांचे चेहरे पुसट होतात. याला डिजिटल झूम म्हणतात. त्यात भिंग काहीच करत नाही, चित्राचा मधला तुकडा कापून फुगवला जातो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगाचे भाग आत खरोखर सरकतात आणि दूरचा चेहरा तपशिलासकट जवळ येतो. काही महागड्या मोबाइलना लांबचं भिंग असतं, पण त्याची मजल थोडी. सोनीच्या सीएक्स ४०५ या साध्या हॅन्डिकॅमला ३० पट ऑप्टिकल झूम आहे आणि वजन पाव किलोच्या आत. म्हणून खोक्यावर पहिल्यांदा ऑप्टिकल झूमचा आकडा शोधावा. ‘४के, ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स डिजिटल झूम’ असं ठळक छापलेले, कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे स्वस्त कॅमेरे ऑनलाइन भरपूर दिसतात. त्यातल्या बहुतेकांत भिंग हलतच नाही. फुल एचडी घरच्या टीव्हीला पुरेशी आहे. ४केच्या मोहात झूम गमावू नये.

झूमची किंमत मात्र उजेडात मोजावी लागते, हे दुकानदार सांगत नाही. सीएक्स ४०५च्या भिंगावर १.८ ते ४ असे आकडे आहेत. पूर्ण मागे असताना भिंगाचं तोंड १.८ इतकं उघडं असतं, पूर्ण पुढे नेलं की ४ पर्यंत आकसतं. हिशेब केला तर आत येणारा उजेड सुमारे एक पंचमांश उरतो. दिवसा हे जाणवत नाही. रात्री पालखीच्या वेळी झूम ताणला की चित्रात मुंग्या दिसू लागतात. अंधार पडला की झूम मागे घ्यावा आणि आपण पुढे सरकावं.

पेणला कसोटी वेगळी. तिथल्या हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत आषाढात पाय ठेवायला जागा नसते. साच्यातून निघालेल्या मूर्ती रांगेने वाळत असतात, कंप्रेसर घरघरत असतो आणि एका कोपऱ्यात डोळ्यांची आखणी चाललेली असते. कारागीर श्वास रोखतो, बारीक कुंचला एकदाच फिरतो. ते टिपायला पहिल्या वर्षी मी हातभर अंतरावर उभा राहून पूर्ण झूम केला आणि सगळं धूसर आलं. कॅमेरा बिघडलेला नव्हता. या जातीच्या भिंगांना पूर्ण झूमवर साधारण पाऊण-एक मीटर अंतर लागतं. उलट झूम पूर्ण मागे घेतला तर त्यांना अगदी सेंटिमीटरभर अंतरावरचंही नीट दिसतं. म्हणून आता झूम मागे घेऊन, कारागिराची परवानगी काढून, कॅमेराच मूर्तीजवळ नेतो. कुंचल्याचे केससुद्धा मोजता येतात.

त्याच कारखान्यात ट्यूबलाइटखाली चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात, त्याचंही कारण समजून घ्यावं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. कॅमेऱ्याचा शटर १/५० ठेवला तर प्रत्येक चित्रात बरोबर दोन ठोके बसतात, १/१०० ठेवला तर एक. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेला कॅमेरा सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने चालतो. १/६० मध्ये दीडाहून थोडे जास्त ठोके येतात, म्हणून दर चित्राचा उजेड वेगळा. परदेशी कॅमेरा स्वस्तात मिळत असला तरी मेनूत ५० हर्ट्झ किंवा पाल (PAL) हा पर्याय आहे का, निदान शटर १/१०० ला बांधता येतो का, हे पाहूनच घ्यावा.

माझ्या मते घरगुती शूटिंग सर्वांत जास्त बिघडतं ते आवाजात. मिरवणुकीत खालूबाजा सुरू झाला की कॅमेऱ्यातला माइक दडपून जातो आणि नुसता कर्कश फाटका आवाज भरला जातो. आजी जात्यावरची ओवी म्हणत असेल तर माइकला ती दोन हातांवरूनही नीट ऐकू येत नाही, कारण स्वयंपाकघरातला पंखा तिच्याहून जवळ असतो. बाहेरचा माइक लावायला ३.५ मिलिमीटरचं छिद्र असेल तर उत्तम. सीएक्स ४०५ ला ते नाही. कॅननच्या लेग्रिया एचएफ आर मालिकेत आहे. नसेल तर मोबाइल आजीच्या पदराजवळ ठेवून त्यावर नुसता आवाज भरावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी. पुढे संगणकावर टाळीला टाळी जुळवली की चित्र आणि आवाज एकत्र येतात. कुंडलिका नदीच्या काठावर वारा माइकवर आपटतो, तिथे माइकवर स्पंजचं टोपण हवंच.

मोबाइलच्या तुलनेत हॅन्डिकॅम तासन् तास चालतो. भजनाची बारी अर्ध्यातून तुटत नाही, मध्ये कुणाचा फोन येत नाही, बॅटरी संपली तर दुसरी लावता येते. कार्ड मात्र नामांकित आणि पक्क्या दुकानातून घ्यावं. सेकंदाला १७ मेगाबिटच्या दर्जावर तासाला साडेसात जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर आठेक तास. ५० मेगाबिटला तेच कार्ड पावणेतीन तासांत भरतं.

जुना घ्यायचा असेल तर मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात अजून दुकानं आहेत. तिथे जाताना स्वतःचं कार्ड न्यावं. झूम पुढे-मागे करत पाच मिनिटं भरावं आणि कानाला हेडफोन लावून ऐकावं. मग भिंगावर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आत पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. पैसे देऊ नयेत, कितीही कमी सांगितले तरी. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे चांगल्या कॅमेऱ्यालाही ती धरते. कपाटातल्या चामडी पिशवीत तर हमखास. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. चातुर्मासात दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून थोडा वेळ चालवावा.

कसं टिपावं, याबद्दल दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो ते एकेक चित्र घेत टिपलं. ते पाहून भांडवल उभं राहिलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पेणच्या माणसाला कुंडीसुद्धा लागणार नाही. एकच शाडूची मूर्ती निवडावी, ट्रायपॉडच्या तीन पायांजवळ फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि साचा, वाळवण, सफेदा, रंग, आखणी अशा प्रत्येक टप्प्याला तिथेच उभं राहून मिनिटभर भरावं. मध्ये झूम हलवू नये. कॅमेरा फिरवायचा मोह झाला तर मनात दहा आकडे मोजावेत.

नवा कॅमेरा आला की माळ्यावरचा जुना खोकाही उतरवावा. आखातातून आलेल्या हॅन्डिकॅमच्या ८ मिलिमीटर टेप त्यात असतील: बारसं, साखरपुडा, अंगणातलं पाडलेलं घर. १९९९ पासून आलेल्या डिजिटल-८ जातीच्या बऱ्याच हॅन्डिकॅममध्ये जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ टेपही चालतात आणि फायरवायर केबलने संगणकात उतरवता येतात. ओळखीत कुणाकडे तो चालू स्थितीत असेल तर आठवडाभर मागून आणावा. टेपच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती टेप तशीच लावू नये, जाणकाराकडून साफ करून घ्यावी. स्वच्छ असेल तर आधी एकदा शेवटापर्यंत पुढे, मग पूर्ण मागे पळवावी, म्हणजे इतकी वर्षं चिकटून बसलेले पदर सुटतात. त्यानंतरच प्लेचं बटण दाबावं.