लाखाबाटा : रायपूरजवळचं एक गाव आणि त्याची जमीन

आज तुम्हाला रायपूर शहराबाहेरच्या एका लहान गावात घेऊन जातो. नाव सांगत नाही, कारण आजूबाजूची दहा गावं अशीच आहेत. शंभर-सव्वाशे उंबरे, दोन तरिया म्हणजे तळी, काठावर पिंपळ, तीन-चार पारे म्हणजे वस्त्या, आणि चहूकडे धानाचे बांध. निवृत्तीनंतर रायपुरात राहायला आल्यापासून माझं तिथं जाणं-येणं आहे. फौजेत आम्हाला आधी जमीन वाचायला शिकवतात: उंच कुठं, सखल कुठं, पाणी कुठून कुठं जातं. ते शिक्षण या गावात फार कामाला आलं, कारण इथल्या माणसांचे हिशेब जमिनीच्या उतारावरच बसलेले आहेत.

वरून खाली चालत या. सगळ्यात वर भाठा. तांबडी, मुरमाड, पाणी न धरणारी. तिथं कोदो-कुटकी आणि गुरांची चराई. त्याखाली मटासी, पिवळसर आणि हलकी. लवकर येणारा धान इथं लावतात. मग डोरसा, मधल्या प्रतीची. आणि तळाशी काळी, चिकण कन्हार. हा शब्द आपल्या भंडारा-गोंदियाकडेही चालतो. कन्हारात धान कापायच्या आधी उभ्या पिकातच तिवरा फेकतात, म्हणजे आपली लाखोळी. उरलेल्या ओलीवर ते दुसरं पीक येतं. याला उतेरा म्हणतात. म्हणजे कन्हारवाल्याला वर्षात दोन पिकं, आणि नुसती भाठा असलेल्याचं पाऊस रुसला की चूल पेटायची पंचाईत.

एकाच गावात हे कसं निभायचं? छत्तीसगढच्या मैदानातल्या गावांनी काढलेला जुना तोडगा म्हणजे लाखाबाटा. ठरावीक नव्हे, पण काही वर्षांनी गावची शेतजमीन पुन्हा एकत्र धरायची आणि नव्यानं वाटायची. वाटताना प्रत्येक प्रतीच्या जमिनीतला तुकडा प्रत्येकाला. थोडी कन्हार, थोडी डोरसा, थोडी मटासी. कोणाला किती, ते त्याच्या नांगरांवर.

आता यात लगेच समतेचे गोडवे गाऊ नका. कारण रोकडं होतं. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरला आले, तेव्हापासून हा मुलूख नागपूरकरांकडे. सारा नांगरांवर मोजला जाई आणि गावाचा एकूण आकडा भरायची जबाबदारी गौंटियाची, म्हणजे गावच्या मुख्याची. चार घरं वैतागून दुसऱ्या गावी गेली, तर त्यांचा बोजा उरलेल्यांवर. जमीन मुबलक होती, माणसं कमी. रयत टिकवायची तर वाटणी सगळ्यांना पटेल अशी ठेवणं भाग होतं. आणि ज्याच्याकडे बैलच नाहीत, त्याला वाटा कुठला? तो दुसऱ्याच्या बांधावर राबत राहिला. 1818 नंतर इंग्रजांचा अधिकारी मेजर अ‍ॅग्न्यू इथं सुपरिंटेंडेंट होता. त्याचा 1820 चा अहवाल या मुलखाचं त्या वेळचं चित्र दाखवतो. नागपूरकरांचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर मराठी माणसानं तो जरूर वाचावा.

मोडलं कुठं? 1860 च्या दशकातल्या जमीन मोजणीत. गौंटिया मालगुजार झाला, म्हणजे कागदावर मालक, आणि कुळाच्या नावावर ठरलेले तुकडे चढले. ज्या वर्षी नोंद झाली त्या वर्षी जो तुकडा हातात होता, तो कायमचा. फेरवाटणी थांबली, पण विखुरलेले तुकडे तसेच राहिले. त्यावर प्रत्येक पिढीच्या वाटण्या. शेवटी 1928 मध्ये मध्यप्रांत सरकारनं जमीन एकत्रीकरणाचा कायदा केला, तो सुरुवातीला लागू झाला याच छत्तीसगढात. निम्मे खातेदार तयार असले आणि त्यांच्याकडे दोन-तृतीयांश जमीन असली, की बाकीच्यांवर तो बंधनकारक. मालगुजारी 1951 मध्ये गेली.

मला यातली एकच गोष्ट खुपते. एकत्रीकरणात शेत एका जागी येतं, नांगर फिरवायला सोपं जातं, पण चार प्रतींच्या मातीत पसरलेला धोका एका मातीत येतो. अतिवृष्टीत खालची कन्हार बुडाली तर वरची मटासी हात देत असे. तुकडे म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे एकदा बांधावर उभं राहून पाहावं.

माझ्या ओळखीच्या एका सियानाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जाणत्याच्या घरी मध्यंतरी तिघा भावांची वाटणी झाली. प्रत्येक शेताचे तीन पट्टे. कन्हारात तीन, डोरशात तीन, मटासीत तीन. लाखाबाटा हा शब्द थोरल्याला आठवतही नव्हता, हात मात्र तसेच चालले. अडलं ते भाठ्यापाशी. जिथं पूर्वी राऊत गुरं हाकायचा आणि जिच्यासाठी कोणी भांडत नसे, ती जमीन. इकडे नवा रायपूरच्या आराखड्यात 41 गावं आली, रस्ते रुंद झाले, आणि पाणी न धरणारी कडक जमीन बांधकामाला उत्तम ठरली. रस्त्यालगतचा भाठा आता कन्हाराच्या कितीतरी पट महाग आहे. तिघांनी तिथं तीन पट्टे पाडले, सगळे रस्त्याला तोंड करून. धाकट्याचा पट्टा इतका चिंचोळा झालाय, की बैलजोडी वळवायची म्हटली तर शेजारच्या भावाच्या हद्दीत पाय पडतो.