खरोसा आणि अबू सिंबेल

(लेखमाला : सुट्टीतले दगड – भाग ६)

आमच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब इजिप्त करून आले. 'करून आले' हा त्यांचाच शब्द, चारधाम करून येतात तसा. फोटो दाखवताना अबू सिंबेलच्या देवळाशी थांबले आणि म्हणाले, "तीन हजार वर्षं झाली, पण नाकाची धार बघा. नाहीतर आपलं खरोसं. नरसिंह आहे का रावण, पुजाऱ्याला विचारावं लागतं."

मास्तरांचं निरीक्षण खोटं नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटला नाही, म्हणून हा भाग.

खरोसा औसा-निलंगा रस्त्यावर आहे. माथ्यावर रेणुकादेवीचं देऊळ, नवरात्रात तिथे गर्दी. त्याच डोंगरात साधारण सहाव्या-सातव्या शतकातली डझनभर लेणी आहेत. जेम्स बर्जेसने १८७८ साली बीदर आणि औरंगाबाद भागाच्या अहवालात त्यांची नोंद केली. आत शिव-पार्वती, नरसिंह, कैलास हलवणारा रावण. वेरूळ पाहिलेल्याला सगळी मंडळी ओळखीची. फक्त इथे त्यांचे चेहरे विरघळल्यासारखे झालेत.

अबू सिंबेलही लेणंच आहे, हे मास्तरांच्या सहलीत बहुधा कुणी सांगितलं नसावं. इजिप्तची बहुतेक देवळं दगड रचून बांधलेली. हे मात्र दुसऱ्या रामसेसने इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात नाईलकाठच्या डोंगरात कोरून घेतलं. दर्शनी भागावरचे चार बसलेले राजेही, प्रत्येकी सुमारे २० मीटर उंच, त्याच डोंगरातून सोडवलेले. म्हणजे खरोशाची तुलना करायचीच तर याच देवळाशी करावी. मास्तरांनी नकळत बरोबर जोडी लावली होती.

फरक पडला तो दगडात. अबू सिंबेलचा डोंगर वालुकाश्माचा. कण बारीक, पोत एकसारखा, त्यामुळे ब्राँझच्या छिन्नीनेही रेघ हवी तिथे थांबते. खरोशाचा डोंगर जांभ्याचा. जांभा म्हटलं की आपल्याला कोकणातले चिरे आठवतात, पण बीदरच्या पठारापासून इकडे लातूरच्या दक्षिणेपर्यंत काळ्या दगडाच्या डोक्यावर या तांबड्या दगडाची टोपी आहे. बीदरचा किल्लाही त्याचाच. या दगडाचं 'लॅटेराइट' हे नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकॅननने केरळात दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. जमिनीत असतो तोवर मऊ, हवा लागली की लोहाच्या अंशामुळे घट्ट होतो. खोदणाऱ्याला याहून सोयीचा दगड नाही. मूर्ती घडवणाऱ्याला मात्र याच्याइतका तापदायकही नाही, कारण अंगभर भोकं. बोटाचं नख किंवा गळ्यातला हार कोरायला घ्यावा तर त्या जागी नेमकं छिद्र निघतं. बारीक काम हवंच असेल तर वरून गिलावा द्यायचा, आणि पावसाळ्यात पहिला जातो तो गिलावाच.

त्यातून गंमत अशी की जांभा हा मुळातच झिजून उरलेला दगड. आपल्या काळ्या बेसॉल्टमधली सिलिका लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनिअमचा सांगाडा राहिला, तो जांभा. पावसानेच घडवलेल्या दगडात माणसांनी देव कोरले आणि पाऊस आपलं काम पुढे करत राहिला.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने ज्या लातूरला पाणी आणावं लागलं, तिथे पावसाने मूर्ती खाल्ल्या म्हणणं विचित्र वाटेल. पण आपला दुष्काळही वर्षाला काही शे मिलिमीटरचा असतो, आणि सरासरी ७००-८०० च्या घरात जाते. अबू सिंबेलला कित्येक वर्षं थेंब पडत नाही.

शिवाय तिथे वाळू होती. १८१३ साली बर्कहार्ट हा स्विस प्रवासी पोहोचला तेव्हा महाकाय मूर्तींचे वरचे भागच काय ते वाळूबाहेर दिसत होते. १८१७ साली बेल्झोनीने दाराशी साचलेली वाळू उपसून आत पाऊल टाकलं. शेकडो वर्षं दुलईत झाकलेल्या नाकाला धार राहणारच. खरोशाला कुणी झाकून ठेवलं नाही. तिथे ऊन, पाऊस, वटवाघळं, शेरडं राखणारी पोरं आणि नवस बोलणारी माणसं, सगळ्यांचा वावर राहिला.

वाळूने राखलेलं ते देऊळ पुढे पाण्यात जायची वेळ आली. आस्वानच्या मोठ्या धरणामुळे १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या मोहिमेत ते हजाराहून अधिक ठोकळ्यांत कापून ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेलं. आज मूर्तींमागे जो डोंगर दिसतो तो माणसाने रचलेला, पोटात काँक्रीटचा घुमट आहे. याच नुबिया बचाव मोहिमेत १९६१-६२ च्या हंगामात ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरातत्त्व खात्याचं पथकही अफयेह इथे उत्खननाला गेलं होतं.

चारांपैकी एका राजाचं डोकं आणि धड पायाशी पडलेलं आहे. प्राचीन काळीच भूकंपाने कोसळलं. देऊळ हलवताना ते तुकडेही होते तसेच मांडले. तिथे उभ्या राहिलेल्या लातूरकराला वेगळं काही सांगावं लागत नाही. भूकंपाने उद्ध्वस्त झालेलं किल्लारी खरोशाच्याच औसा तालुक्यात आहे.

आता पाहायचं कसं. इजिप्तमध्ये उघड्यावरच्या भिंतींवर आकृती बहुधा भिंतीच्या पातळीखाली खोदलेल्या असतात, कारण प्रखर उन्हात कडेची सावलीच रेघ दाखवते. आतल्या अंधारात त्याच आकृती उठावाने कोरलेल्या. म्हणजे उजेड कुठून येणार हे कारागिराने आधी ठरवलेलं. आपण खरोशाला भर दुपारी जातो, मोबाइलचा फ्लॅश समोरून मारतो आणि म्हणतो, काही दिसत नाही. समोरच्या उजेडाने उरलासुरला उठावही सपाट होतो. चांगली बॅटरी न्या, भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. आधी खांद्याची गोलाई येते, मग वाकलेला गुडघा, मग पंजा कुणाच्या पोटावर आहे ते कळतं.

मागच्या रविवारी मास्तरांना घेऊन गेलो. बॅटरी त्यांच्याच हातात दिली. बराच वेळ भिंतीपाशी वाकून होते, मग हळूच म्हणाले, "हा नरसिंह." पुजाऱ्याला विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात देगलूरवरून होट्टल. तिथला दगड काळा, आणि त्यावर नखंसुद्धा दिसतात.