नैसर्गिक मारक पेशी आणि कर्करोग

अहवाल वर्षात जिंतूर तालुक्यातील एक कुटुंब हाती माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले. घरातील कर्त्या पुरुषास लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला होता. 'एनके पेशींच्या इंजेक्शनाने खात्रीशीर गुण' असे पत्रकात छापले होते आणि त्यासाठी दोन एकर जमीन विकण्याची बोलणी चालू होती. त्या निमित्ताने हा विषय देणगीदार व रुग्णांच्या नातेवाइकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

एनके म्हणजे नॅचरल किलर, अर्थात नैसर्गिक मारक पेशी. रक्तातील या पांढऱ्या पेशींची ओळख १९७५ च्या सुमारास स्टॉकहोम व अमेरिकेतील संशोधकांनी पटवून दिली. निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर ओळखपत्रासारखी प्रथिने बाळगते. रोगप्रतिकारक टी-पेशी त्या ओळखपत्रावरील परकी खूण पाहून हल्ला चढवतात. कर्करोगाची पेशी पुष्कळदा ते ओळखपत्रच दडवते, आणि टी-पेशी फसतात. मारक पेशींना नेमका ओळखपत्र नसलेल्यांचाच संशय येतो. त्या शत्रुपेशीच्या आवरणास छिद्र पाडून तिला नष्ट करतात.

मग कर्करोग होतोच का? शरीरात या पेशी थोड्या असतात, अल्पजीवी असतात आणि घट्ट गाठीत त्यांचा शिरकाव कठीण असतो. यास्तव त्या बाहेर वाढवून, त्यांत जनुकीय बदल करून रुग्णास देण्याचे प्रयोग चालू आहेत. अमेरिकेत ह्यूस्टन येथे नाळेच्या रक्तापासून केलेल्या अशा पेशी रक्ताच्या कर्करोगाच्या ११ रुग्णांना देण्यात आल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८ जणांना गुण आला. त्यांपैकी ७ जणांत रोगाचा मागमूस उरला नाही. दात्याच्या पेशी अनेकांना चालतील, ही यातील मोठी आशा. परंतु अकरा म्हणजे अकराच.

आपल्याकडे मान्यता मिळाली ती टी-पेशींवरील उपचारास. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या 'नेक्सकार१९' ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवाना मिळाला. परदेशाच्या मानाने त्याचा खर्च सुमारे दशमांश. तरीही तो लाखोंत जातो. शिवाय तो रक्ताच्या ठरावीक कर्करोगांत, अन्य उपचार थकल्यावरच देतात. मारक पेशींचा उपचार मात्र अद्याप चाचणीच्या पायरीवर आहे. अधिकृत चाचणीची नोंद भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत असते व प्रयोगाधीन औषधाचे मूल्य रुग्णाकडून सहसा घेतले जात नाही. कोणी पैसे मागितल्यास नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा.

सदर रुग्णास साधी केमोथेरपीही मिळालेली नव्हती, हे कागदपत्रे पाहता आमच्या ध्यानी आले. ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळू शकते, हे त्या कुटुंबास कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या देणग्यांतील प्रवास निधीतून देवगिरी एक्सप्रेसची तिकिटे काढून दिली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरण्याची सोय झाली. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. केमोथेरपीचे चार हप्ते झाले असून पुढील तपासणी दिवाळीनंतर आहे.