मे महिन्यातली जयंती : पौर्णिमा, पाळी आणि रात्रीचा सामना

कोकणाबाहेरच्या आपल्या बांधवांना एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. १४ एप्रिलला नागपूर, औरंगाबाद, मुंबई निळ्या झेंड्यांनी भरून गेलेली असते, आणि त्याच दिवशी खेड-चिपळूणकडच्या अनेक बौद्धवाड्यांत सकाळची वंदना, प्रतिमेला पुष्पहार आणि संध्याकाळी छोटीशी मिरवणूक एवढ्यावर दिवस उरकतो. ‘कोकणातला समाज जयंतीच्या बाबतीत थंड’ असा शेरा आम्ही कार्यकर्त्यांच्या शिबिरांतही ऐकला आहे. तो शेरा खरा नाही. आमची मोठी जयंती मे महिन्यात असते.

कारण साधे आहे. वाडीतली निम्मी घरे मुंबईत. १४ एप्रिलला चाकरमान्यांची पोरे परीक्षेला बसलेली असतात आणि मोठी माणसे आपापल्या चाळीच्या, वसाहतीच्या जयंतीत गुंतलेली असतात. शाळांना सुट्टी लागली की मग गाडी, एसटी, मिळेल त्या वाहनाने सगळे गावी येतात. म्हणून गावशाखा, मुंबई शाखा आणि महिला मंडळ मिळून तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांची संयुक्त जयंती मे मध्ये घेतात. काही वाड्या २७ मे हा रमाईचा स्मृतिदिनही त्यालाच जोडतात. रमाईंचे माहेर वणंद दापोली तालुक्यात, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात; त्यामुळे आमच्याकडे हे दिवस घरच्या माणसाच्या आठवणीसारखे पाळले जातात. सार्वजनिक जयंतीची सुरुवात पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ साली केली. तिची तारीख कोकणाने आपल्या सोयीने पुढे सरकवली, इतकेच.

बुद्धपौर्णिमा वैशाखातली, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. २०२३ ला ती ५ मे रोजी होती, २०२४ ला २३ मे, २०२५ ला १२ मे. पौर्णिमा लवकर आली तर मुंबईकर पोचलेले नसतात, उशिरा आली तर परतीची तिकिटे जवळ आलेली असतात. त्यामुळे पुष्कळ वाड्या पौर्णिमेला वंदना करतात आणि मुख्य कार्यक्रमासाठी जवळचा शनिवार-रविवार धरतात.

लोटे परिसरात मात्र याच्यात आणखी एक गाठ आहे, आणि हा लेख मुख्यतः त्या गाठीबद्दल आहे.

लोटे परशुराम औद्योगिक वसाहत मुंबई-गोवा महामार्गावर, खेड आणि चिपळूणच्या मधोमध. बहुतेक कंपन्या रसायनांच्या. रिअॅक्टर एकदा चालू झाला की तो पौर्णिमा बघत नाही. सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा आणि अकरा ते सात अशा साधारण तीन पाळ्या चालतात. बुद्धपौर्णिमा ही सरकारी सुट्टी आहे, पण सरकारी सुट्टी म्हणजे कारखान्याची सुट्टी नव्हे. कार्यालये, बँका, शाळा बंद राहतात. कारखान्यात सणाच्या कोणत्या सुट्ट्या मिळणार हे व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात ठरते. जिथे युनियन जागरूक आहे तिथे १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा यादीत घालून घेतली जाते. जिथे माणसे ठेकेदाराकडून आहेत तिथे प्रश्नच मिटतो : आलात तर हजेरी, नाहीतर खाडा. वसाहतीच्या आसपास खोल्या घेऊन राहणारे बाहेरच्या जिल्ह्यांतले आपले तरुणही आहेत. ते ना इथल्या गावशाखेत, ना स्वतःच्या गावच्या.

म्हणजे मुंबईहून चारशे रुपये जास्त देऊन आलेला भाऊ मंडपात बसलेला असतो, आणि मंडपापासून दोन किलोमीटरवर राहणारा भाऊ पाळीवर असतो. वर्षातून एकदा सगळी भावकी एकत्र येते म्हणायचे आणि ती येतच नाही, असे आम्ही अनेक घरांत पाहतो.

आता त्या दोन दिवसांत होते काय, ते बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. सकाळी पंचशील ध्वजारोहण, बुद्धपूजा, त्रिसरण-पंचशील, बौद्धाचार्यांचे प्रवचन. सुजाताची आठवण म्हणून खीरदान. दुपारी सहभोजन, त्यात काळ्या वाटाण्याची उसळ आणि भात ठरलेलाच. फणस पिकलेला असला तर पोरांचे जेवणाकडे लक्ष नसते. मग मुलांच्या शर्यती, संगीत खुर्ची, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, जमाखर्चाचे वाचन आणि त्यावर होणारी ठरलेली खडाजंगी. याच आठवड्यात नामकरणे, नव्या घराचा गृहप्रवेश, साखरपुडे, लग्ने, गेलेल्या माणसाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, सगळे लावून घेतात. सगळी माणसे गावात असण्याचे दिवसच एवढे. आणि रात्री गाणे.

रात्रीच्या गाण्याला आमच्याकडे ‘सामना’ म्हणतात. पत्रिकेवर ‘भीम-बुद्ध गीतांचा जंगी सामना’ असे छापलेले असते. दोन पार्ट्या, बऱ्याचदा एकीकडे गायक आणि दुसरीकडे गायिका. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो आणि मागे कोरस. आधी वंदना, मग एक पार्टी गाण्यातून सवाल टाकते आणि दुसरीने त्याच चालीत उत्तर द्यायचे. शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या कोकणी माणसाला हा साचा ओळखीचाच आहे, विषय तेवढे बदलले. खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात कधी मांडले? १७ सप्टेंबर १९३७. मनुस्मृती कोणत्या दिवशी जाळली? २५ डिसेंबर १९२७. शाळेत न शिकलेल्या आजींना या तारखा पाठ असतात त्या अशा रात्रींमुळे. खोतीचा सवाल तर आमच्या भागात नुसता सामान्यज्ञानाचा नसतो. कुणाचे आजोबा खोताकडे वेठीला होते हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

या गाण्याची वंशावळ आंबेडकरी जलशापर्यंत जाते. सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसे उभे केले. तमाशाचा साचा घेतला, पण गणपतीचा गण आणि गवळण काढून टाकली, आणि वगाच्या जागी अस्पृश्यता, शिक्षण, सावकारी यांवरची नाट्ये आणली. त्यानंतर वामनदादा कर्डक आले. १५ मे २००४ रोजी ते गेले, म्हणजे त्यांचा स्मृतिदिनही आमच्या जयंतीच्या हंगामातच येतो. मुंबईच्या चाळींतून प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटवर बसून कोकणात पोचले. उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. ही माणसे फक्त करमणूक करत नव्हती हे सांगायला नको.

तरीही दरवर्षी सभेत एक प्रश्न येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. पौर्णिमेच्या दिवशी नाच-गाणे धम्मात बसते का?

पंचशीलात गाण्याला मनाई नाही. मनाई आहे ती अष्टशीलात. उपोसथाला जे उपासक-उपासिका आठ शीले घेतात, त्यांच्या सातव्या शीलात नृत्य, गीत, वाद्य आणि तमाशे पाहण्यापासून एक दिवस-रात्र दूर राहण्याचा संकल्प असतो. म्हणजे ज्यांनी सकाळी अष्टशील घेतले त्यांना रात्री सामन्याला पहिल्या रांगेत बसवणे हे आपले आयोजकांचे अज्ञान. पौर्णिमा उपोसथाला आणि सामना शनिवारी, असे दोन वेगळे दिवस ठेवले की हा पेच उरत नाही.

बाकी गृहस्थांचे काय? सिगालोवाद सुत्तात ‘समज्जा’, म्हणजे जत्रा-तमाशांच्या नादाचे तोटे सांगितले आहेत : आज नाच कुठे, गाणे कुठे, ढोल कुठे, यातच माणसाचे चित्त अडकते. संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटांचा नायक तथागतांना विचारतो की लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, हे खरे का? तथागत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की जो स्वतः बेभान होऊन दुसऱ्यांचा राग, लोभ, मोह भडकवतो त्याची गती चांगली नाही. तालपुट रडतो, पुढे भिक्खू होतो, अर्हत होतो. थेरगाथेत त्याच्या नावावर गाथा आहेत. एवढेच वाचले तर वाटेल की गाणे बंद करावे. पण दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा घेऊन तथागतांपुढे गातो, आणि ते गाणे काही निव्वळ भक्तिगीत नव्हते, त्यात त्याच्या प्रेमाची कहाणीही गुंफलेली होती. तथागत त्याच्या तारांचा आणि आवाजाचा मेळ चांगला जुळला म्हणून वाखाणणी करतात. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखातही हेच दिसते : समाज भरवू नयेत, त्यात राजाला बरेच दोष दिसतात, पण काही समाज चांगलेही असतात असे तो स्वतःच पुढे म्हणतो.

आमचे मत असे की कसोटी तालपुटाच्या उत्तरातच आहे. गाण्याने माणूस भानावर येतो की भान हरपतो? सामना ऐकून पोर घरी जाऊन चवदार तळ्याबद्दल विचारते. डीजेपुढे दोन तास नाचलेले पोर काही विचारत नाही, त्याच्या कानात दुसऱ्या दिवशीपर्यंत शिट्टी वाजत असते. त्यात दारू आली की पाचवे शील सकाळी घेतले होते हेही आठवत नाही. डीजेवर वाजणारी गाणीही भीमगीतेच असतात, हा तरुणांचा युक्तिवाद आम्हाला पुरेसा वाटत नाही. शब्द ऐकूच येत नसतील तर ते कोणाचे गीत हा प्रश्न गौण आहे.

इथे कायदा काय म्हणतो तेही नीट माहीत असावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस जिल्ह्यात आधी जाहीर होतात. त्या यादीत १४ एप्रिल असला तरी मे मधला तुमचा शनिवार असेलच असे नाही. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देतानाच विचारावे. बंद सभागृहात आतल्या लोकांपुरता आवाज ठेवण्याला वेगळी मुभा आहे. पूर्वी सामना पहाटेपर्यंत रंगायचा आणि सवाल-जवाबाला खरी धार रात्री एकनंतर यायची असे जुने लोक सांगतात. त्यांचे दुःख आम्हाला कळते. पण आजारी माणूस, तान्हे मूल आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार आपल्याच वाडीत राहतो.

आता लोट्याची गाठ. सामना दहाला थांबवायचा, आणि दुसरी पाळी अकराला सुटते. नऊला सुरू होणारा कार्यक्रम म्हणजे पाहुण्यांची भाषणे आणि तासभर गाणे. त्यामुळे वेळ पुढे आणण्यावाचून इलाज नाही. साडेचारला सुरू केले तर पहिल्या पाळीचे लोक आंघोळ करून पोचतात, तिसऱ्या पाळीचे लोक झोप काढून येतात आणि दहाला डबा घेऊन निघतात. राहतात ते दुसऱ्या पाळीचे. त्यांच्यासाठी दोनच मार्ग : पाळी बदलून घेणे किंवा रजा. पाळ्या आठवड्याला फिरत असतील तर गावशाखेने तारीख ठरवण्याआधी वाडीतल्या कामगारांचे पाळीपत्रक मागवून घ्यावे. ज्या आठवड्यात कमीत कमी माणसे दुसऱ्या पाळीत, तो शनिवार धरावा. रजेचे म्हणाल तर कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा मिळते, पण अर्ज पुरेसे दिवस आधी लेखी द्यावा लागतो. मुंबई शाखा तारीख आठ दिवस आधी कळवते, आणि तिथेच सगळे हुकते. तारीख मार्चच्या सभेतच ठरली पाहिजे.

वेळ पुढे आणली की भाषणे कापावी लागतील. कापावीत. बक्षिसांचे पुकारेही आवरावेत. अमक्या घराण्याकडून एकशे एक रुपये, हे माइकवर ऐकण्यात घराला आनंद असतो हे खरे, पण सवाल आणि जवाब यांच्यामध्ये सात नावे आली की सवालच विसरला जातो. नावे मध्यंतरात एकदम वाचता येतात.

बायकांबद्दल एकच मुद्दा, कारण तो मोठा आहे. दोनशे माणसांचे रात्रीचे जेवण मंडपामागे शिजत असते तेव्हा गायिका मंचावर रमाईवर गात असते, आणि जिच्यासाठी ते गाणे आहे ती भाकऱ्या थापत असते. जेवण दुपारीच ठेवावे आणि रात्री फक्त चहा-नाश्ता, तोही तरुण मंडळाच्या पोरांनी करावा. ज्या वाड्यांनी हे केले तिथे मंडपात बायकांची बाजू आधी भरते.

शेवटी पैशाचे आणि पत्रिकेचे. पार्टी ठरवताना जेवढी घासाघीस होते तेवढी डीजेवाल्याशी होत नाही. गाणाऱ्यांचा हंगाम एप्रिल-मे, मग अशोक विजयादशमी आणि पुढे तुरळक कार्यक्रम. मधले महिने मजुरी. त्यांचे मानधन मंचावरून उतरण्याआधी द्यावे. आणि पत्रिकेवर ‘सुप्रसिद्ध गायक’ एवढे न लिहिता गायक-गायिकेसोबत ढोलकीवादक, बेंजोवादक आणि कोरस यांची पूर्ण नावे, गाव आणि तारीख वर्षासकट छापावी. राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक-कलाकार मानधन योजनेसाठी ५० वर्षांवरील कलावंताला किमान १५ वर्षांच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात, आणि कोकणातल्या ढोलकीवाल्याकडे जुन्या पत्रिकांशिवाय दुसरा पुरावा बहुतेक नसतो. त्या पत्रिकेवर त्याचे नावच नसेल तर अर्ज तालुक्यावरूनच परत येतो. छपाईला टाकायच्या आधी पार्टीच्या प्रमुखाला फोन करून नावे लिहून घ्यायला दहा मिनिटे लागतात.