हेलसिंकीत न झालेली उपांत्य फेरी

मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील पदकाची हकीकत कोल्हापूर परिसरात एका ठरीव साच्यात सांगितली जाते. खाशाबा उपांत्य फेरीत हरले, मग तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती मारून त्यांनी कांस्यपदक मिळवले, आणि मधे विश्रांती मिळाली असती तर ते अंतिम फेरीत जाऊन सुवर्णपदकच घेऊन आले असते, असा तो साचा आहे. १५ जानेवारीला, म्हणजे त्यांच्या जयंतीला होणाऱ्या भाषणांत तो दरवर्षी नव्या उत्साहाने ऐकू येतो आणि वर्तमानपत्रांतील पुरवण्याही त्यात फारसा बदल करत नाहीत. प्रत्यक्षात हेलसिंकीत त्यांच्या वजनगटात उपांत्य फेरी नव्हती, अंतिम कुस्ती नव्हती, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी कुस्ती तर मुळीच नव्हती. जी फेरी झालीच नाही तिच्यात कोणी हरू शकत नाही, इतकी साधी गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते याचे नवल वाटते.

त्या काळच्या ऑलिम्पिक कुस्तीत दंडगुणांची पद्धत होती. दंडगुण म्हणजे मल्लाच्या नावावर चढणारे उणे गुण : प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले तर दंड नाही, केवळ गुणांवर जिंकले तर थोडा दंड आणि हरले तर मोठा दंड, असा हिशेब प्रत्येक फेरीअखेर मांडला जाई व ठरलेल्या मर्यादेला पोचलेला मल्ल स्पर्धेबाहेर पडे. या पद्धतीचे दोन परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. एक कुस्ती हरलेला मल्ल लगेच घरी जात नसे, आणि सगळ्या कुस्त्या जिंकणारा परंतु एकही निकाली न करणारा मल्लही दंडाचे ओझे वाहतच पुढे सरके. फेऱ्या होत होत शेवटी मोजके मल्ल उरत, त्यांची आपापसांत गाठ पडे आणि त्या निकालांवरून पहिले तीन क्रमांक लागत.

खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात मुक्त शैलीत, म्हणजे कमरेखालची पकड आणि पायांचे डाव चालतात त्या प्रकारात, खेळले. कॅनडाचे एड्रियन पोलिक्वीन, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना त्यांनी हरवले, तर जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेयोव यांच्याकडून ते हरले. इशी पहिले, मामेदबेयोव दुसरे आणि खाशाबा तिसरे आले. हे कांस्यपदक कोणत्याही एका कुस्तीत ‘मारलेले’ नव्हते, साऱ्या कुस्त्यांच्या जमाखर्चातून ते आले होते.

हा गैरसमज कोठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. त्याचे एक मूळ कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या मातीत आहे, कारण कुस्तीच्या मैदानात पहिल्या क्रमांकाची जोड सर्वांत शेवटी सोडतात, प्रेक्षक तेवढ्यासाठी दिवे लागेपर्यंत थांबतात, पाठ टेकली की कुस्ती संपते, आणि त्यामुळे स्पर्धा म्हटली की तिला कळस असणारच, असे इथल्या मनाने गृहीत धरलेले असते. दुसरे मूळ अलीकडचे आहे. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिम्पिकपासून कुस्तीच्या प्रत्येक वजनगटात दोन कांस्यपदके दिली जातात, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लाकडून हरलेल्यांना रेपेचाज नावाच्या फेरीतून कांस्यपदकाची पुन्हा संधी मिळते. सुशील कुमार बीजिंगमध्ये पहिलीच कुस्ती हरूनही याच वाटेने कांस्यपदकापर्यंत पोचले. दूरचित्रवाणीवर पाहिलेली ही रचना नकळत १९५२ वर चिकटवली जाते, आणि त्यात खाशाबांचे श्रेय वाढत नाही, उलट घटते, कारण त्यांच्या गटात कांस्यपदक एकच होते व तिसरा मल्लही एकच होता.

अंतिम सामन्याविना विजेता ठरवणे हे त्या काळी विचित्रही नव्हते. हवाना येथे १९४९ मध्ये सुरू झालेल्या कॅरिबियन सिरीज या बेसबॉल स्पर्धेत क्यूबा, पनामा, प्वेर्तो रिको आणि व्हेनेझुएला या चार ठिकाणच्या लीगचे विजेते संघ एकत्र येत, प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी दोन-दोनदा खेळे आणि सहा सामन्यांत सर्वाधिक विजय मिळवणारा संघ विजेता ठरे. पहिल्या वर्षी क्यूबाच्या अल्मेंदारेस संघाने सहाच्या सहा सामने जिंकले, तेव्हा वेगळ्या अंतिम सामन्याची कोणाला उणीव भासली नाही. पेठापेठांतून फुटबॉल खेळणाऱ्या कोल्हापूरकरांना आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर ते १९५० च्या फुटबॉल विश्वचषकाचे आहे. माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २–१ असे हरवले तो सामना ‘फायनल’ म्हणून प्रसिद्ध असला, तरी तो चार संघांच्या अंतिम साखळीतील शेवटचा सामना होता आणि ब्राझीलला विजेतेपदासाठी बरोबरीही पुरली असती.

विश्रांतीचा मुद्दा मात्र गैरसमजांच्या टोपलीत सरसकट टाकता येत नाही. इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम डावलून खाशाबांना लगेच मामेदबेयोव यांच्यासमोर उभे केले गेले, आणि आक्षेप घेण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, ही माहिती त्यांच्याविषयीच्या चरित्रात्मक लेखनात सातत्याने येते. हे खरे मानले तरी त्यातून ‘सुवर्ण हुकले’ हा निष्कर्ष निघत नाही, कारण त्या क्षणी ते इशींकडून आधीच हरलेले होते. विश्रांतीने मामेदबेयोव यांच्याविरुद्धचा निकाल बदलला असता तर रौप्यपदकाचा दावा बळकट झाला असता. सुवर्णपदकासाठी इशी यांनी आणखी कोठे तरी घसरणे आवश्यक होते. अन्याय झाला असेल तर त्याचे माप तेवढेच घ्यावे. शिवाय इशी हे काही नशिबाने जिंकलेले मल्ल नव्हते : ते मूळचे जुदोपटू, युद्धोत्तर अमेरिकी अंमलात जुदोवर बंदी आल्याने कुस्तीकडे वळलेले, आणि हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्यांचेच होते.

‘खाशाबा मातीतून थेट ऑलिम्पिकला गेले, गादी त्यांनी तिथेच पहिल्यांदा पाहिली’ ही दंतकथा हेलसिंकीला लावली जाते तीही चुकीची आहे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात खेळून सहावे आले होते आणि तेथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना गादीवरच्या कुस्तीची ओळख करून दिली होती. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या मातीत पाय रुततो व पकड सावकाश घट्ट करता येते, तर गादीवर पाय सरकतो आणि झटपट गुण घ्यावे लागतात. हा फरक अंगवळणी पाडण्यास चार वर्षे मिळाली होती. मानेला विळखा घालून प्रतिस्पर्ध्याला फेकणारा त्यांचा ढाक डाव मात्र मातीचीच देणगी होता.

किरकोळ गैरसमज याहून लवकर निकालात काढता येतात. खाशाबांना राजर्षी शाहू महाराजांनी परदेशी पाठवले, असे सांगणाऱ्यांनी एवढेच पाहावे की महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले आणि खाशाबांचा जन्म १९२६ चा आहे. ते जन्माने कोल्हापूरचे नव्हते. त्यांचे गाव सातारा जिल्ह्यात कराडजवळचे गोळेश्वर, आणि कोल्हापूरशी नाते राजाराम कॉलेजचे व इथल्या कुस्तीचे. भारताचे पहिले ऑलिम्पिक पदकही त्यांचे नव्हे, कारण हॉकी संघाने १९२८ मध्येच सुवर्णपदक जिंकले होते आणि नॉर्मन प्रिचर्ड यांची १९०० च्या पॅरिसमधील दोन रौप्यपदके आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती भारताच्या खात्यावर मांडते. खाशाबांचे पदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक होय, आणि दुसऱ्यासाठी १९९६ मध्ये लिअँडर पेस यांच्यापर्यंत थांबावे लागले. त्याच हेलसिंकीत केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले होते, ही गोष्ट तर कोल्हापुरातही थोड्यांनाच आठवते.

राहिला पैशांचा प्रश्न. लंडनवारीचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता, म्हणून हेलसिंकीचाही त्यांनीच उचलला, असे मानले जाते. पण १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते आणि दरबारचा तो आधार १९५२ मध्ये पूर्वीसारखा उरला नव्हता. लोकवर्गणी झाली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर ७,००० रुपयांना गहाण ठेवले. ते विकले, असे काहीजण सांगतात, ते खरे नाही. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे ते घर सोडवून दिले.